फिल्टरचा फराळ

बँकेत दिवसाअखेर एका रुपयाचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, अशी रीत मी नोकरीला लागलो तेव्हा होती. आता फरक कॉम्प्युटर शोधतो आणि आम्ही कॉम्प्युटर चालू व्हायची वाट पाहत बसतो, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच, की फरक दिसला की त्याच्या मागे लागायचं, ही खोड मला वीस वर्षांच्या नोकरीने लावली आहे. दुसरं फारसं काही लावलेलं नाही. त्यामुळे घरच्या फिशटँकमध्ये एका रात्रीत सतरा पिल्लांचा फरक आला, तेव्हा मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

फिशटँक आमच्याकडे आला तो कन्येच्या हट्टामुळे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरी गोष्ट अशी, की मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं हे मत्स्यालय घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचं, अशी तेव्हा मुंबईकरांवर सक्तीच होती. तिथे काचेला नाक लावून उभा असताना ‘आपल्याकडेही असं एक असावं’ असं मला वाटलं. ते वाटणं पुढे पस्तीस वर्षं फिक्स डिपॉझिटसारखं पडून राहिलं. कन्येने तोंड उघडल्याबरोबर मी ते व्याजासकट काढून घेतलं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात पन्नासेक लिटर पाणी, थोडी वाळू, दोन-तीन झुडपं, खजिन्याचा एक प्लॅस्टिकचा पेटारा (तो आपोआप उघडतो आणि त्यातून बुडबुडे येतात) आणि सहा गप्पी मासे. गप्पी म्हणजे तेच, जे महापालिकेच्या आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींतून आणि टाक्यांतून सोडतात. दुकानातल्या गप्पीला रंगीत शेपटी असते आणि किंमत असते, एवढाच फरक.

“मासे घेताय तर फिल्टर घ्यावाच लागेल,” दुकानदार म्हणाला. हे मात्र त्याने खरं सांगितलं. मासा ज्या पाण्यात जेवतो, त्याच पाण्यात बाकीचे विधीही उरकतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया माशाला विष. मग फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. ते दुसऱ्या जातीचे जिवाणू घेतात आणि त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचं असलं तर मासा सहन करतो. थोडक्यात, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि शेवटी निरुपद्रवी होतो. ही व्यवस्था मला समजावून सांगावी लागली नाही.

फिल्टर टाकीच्या मागच्या कडेला लटकवायचा होता. त्याची एक नळी खाली पाण्यात उतरते, मोटार त्या नळीतून पाणी वर ओढते, मागच्या डब्यातल्या स्पंजातून ढकलते आणि छोट्याशा धबधब्यासारखं परत टाकीत सोडते. नळीच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकचं टोपण, टोपणाला उभ्या खाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ताशी ५०० लिटर’. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला दहा वेळा फिरणार! आमच्या शाखेत तासाला दहा वेळा फक्त चहावाला फिरतो. मी समाधानाने अकराशे रुपये मोजले.

तीन आठवड्यांनी गोदाक्का बाळंत झाली. गोदाक्का ही आमच्याकडची सगळ्यांत पोटाळलेली गप्पी. नाव कन्येने ठेवलं. गप्पी अंडी घालत नाही, तिला थेट पोहणारी पिल्लं होतात. एकेक पिल्लू जिऱ्याएवढं, आणि जिऱ्याला दोन डोळे लावले तर जसं दिसेल तसं. मी तीनदा मोजली. नोटा मोजणाऱ्या माणसाने मोजलेली होती, त्यामुळे आकड्याबद्दल शंका घेऊ नये : सव्वीस. घरात आनंदीआनंद झाला. कन्येने शेजारीपाजारी वर्दी दिली. बायको म्हणाली, “गोदाक्काला आज जरा जास्त घालू या हो खायला.”

सकाळी मोजली तर नऊ.

पहिला संशय अर्थातच गोदाक्कावर. ही जात स्वतःचीच पिल्लं खाते, असं सगळी पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे. बायकोला हे सांगितल्यावर तिने गोदाक्काचं वाढीव जेवण ताबडतोब बंद केलं आणि मीही त्याच जातीचा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मी सहाही मोठ्या माशांना एका बादलीत, हवेच्या लहान मोटारीसकट, कोठडीत ठेवलं. टाकीत फक्त नऊ पिल्लं. दुसऱ्या सकाळी पाच. आता सगळे आरोपी कोठडीत असताना चोरी होते, म्हणजे काय? पोलीस खात्यालाच संशय घ्यावा लागतो.

रात्री अकरा वाजता मी टॉर्च घेऊन टाकीसमोर बसलो. कन्या झोपली असेल असं मला वाटलं होतं; ती येऊन मांडीला मांडी लावून बसली. एक पिल्लू फिल्टरच्या नळीपाशी पोहत होतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं, की ते पोहत होतं पण पुढे जात नव्हतं. शेपटी इतक्या जोरात हलत होती की दिसत नव्हती, आणि तरी ते केसाकेसाने मागे सरकत होतं. मग एकदा ते दमलं. दमलं म्हणजे अर्धा क्षण थांबलं. तेवढ्यात खाच आणि मग काही नाही.

“बाबा, ते परत येईल ना?” कन्येने विचारलं.

मी उठून बटण बंद केलं आणि मागचा डबा उघडला. डब्यात स्पंजाच्या कोपऱ्याशी दोन पिल्लं चक्क जिवंत होती. मोटारीच्या पंख्यातून सुखरूप पार होऊन ती तिथे राहत होती. तेवीस पिल्लांत दोन. बाकीच्यांचा हिशेब स्पंज पिळल्यावर लागला आणि तो मी कन्येला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून दुकान गाठलं. हा संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण माझं सगळं भांडण त्यात आहे.

“तुमचा फिल्टर मासे खातो,” मी म्हणालो.

“नाही हो साहेब. तोंडाला जाळी आहे ना.”

“त्या जाळीतूनच गेली पिल्लं.”

“पिल्लं होय!” दुकानदार मोकळेपणाने हसला. “पिल्लं जाणारच. जाळी पिल्लांसाठी नाहीये, ती मोटारीसाठी आहे. खडा-बिडा गेला तर पंखा तुटतो ना.”

या माणसाचा मला राग आला होता, पण त्याने खोटं काही सांगितलं नाही हे कबूल केलं पाहिजे. गावाकडे विहिरीवरच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हला जाळी असते, ती बेडकांची काळजी म्हणून बसवलेली नसते. आमच्या शाखेत कॅशियरच्या केबिनला जाड काच आहे, ती रोकडीसाठी आहे. समोर पेन्शन घ्यायला दीड तास उभ्या असलेल्या आजोबांसाठी नाही. हे सगळं मला समजतं. पण फुटव्हॉल्व्ह विकणारा ‘बेडकांच्या आरोग्यासाठी’ असं छापत नाही. फिल्टरच्या खोक्यावर मात्र एक निळा, एक नारिंगी असे दोन मासे हसताना छापलेले आहेत आणि खाली लिहिलं आहे, की या यंत्राने तुमचे मासे निरोगी व आनंदी राहतील. माशांच्या नावाने विकायचं, माशांच्या मालकाकडून पैसे घ्यायचे आणि जाळी बसवताना मात्र मापं घ्यायची पंख्याची! माझ्या टोपणाची खाच मी कन्येच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली. तीन मिलिमीटर भरली. गप्पीचं पिल्लू लांबीला सहा-सात मिलिमीटर असलं तरी जाडीला दीडसुद्धा नसतं. दोन पिल्लं हातात हात घालून आत जाऊ शकतात.

आता खाच बारीक केली की काम झालं असं वाटेल. मलाही तसं वाटलं होतं. पण खरी मेख खाचेत नाही, ओढीत आहे, आणि ती समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. मी बी. कॉम. आहे, माझ्याबरोबर गणित करून पाहा. ताशी ५०० लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४० घनसेंटिमीटर पाणी. माझ्या टोपणाच्या सगळ्या खाचा मिळून पाच चौरस सेंटिमीटर जागा. तेवढ्यातून एवढं पाणी जायचं म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस सेंटिमीटर वेगाने जाणार. आता त्याच नळीवर पाच सेंटिमीटर जाडीचा आणि आठ सेंटिमीटर उंचीचा, मधे भोक पाडलेला स्पंज चढवा. बाहेरची बाजू होते सव्वाशे चौरस सेंटिमीटर. पाणी तेवढंच, पण जागा पंचवीस पट. म्हणजे स्पंजाच्या अंगाशी पाण्याचा वेग सेकंदाला सेंटिमीटरच्या आसपास. पेन्शनच्या दिवशी एकच खिडकी उघडी असली की दारात चेंगराचेंगरी होते आणि पंचवीस उघडल्या तर (माझ्या हयातीत हे दृश्य दिसणार नाही, पण समजा) लोक गप्पा मारत पैसे घेऊन जातील, तसंच हे. पिल्लू स्पंजाला टेकलं तरी शेपटी झटकून निघून जातं. म्हणजे स्पंज दोन कामं करतो : भोकं बारीक करतो आणि ओढ पसरून टाकतो. नुसती बारीक जाळी लावली तर पहिलं काम होतं. पिल्लू आत जात नाही, बाहेर चिकटून मरतं.

हा शोध माझा नाही. एकदा मागे लागलो की मी कुठवर जातो याला घरात कोणीच धरबंध घालत नाही, त्यामुळे मी थेट अमेरिकेपर्यंत गेलो. तिथे १९७२ सालचा पाणी स्वच्छ राखण्याचा कायदा आहे. त्याच्या ३१६ (ब) कलमात असं म्हटलं आहे, की यंत्रं थंड करायला नदी-समुद्राचं पाणी ओढून घेणाऱ्यांनी आपली पाणी घ्यायची तोंडं अशी बांधावीत की जीवसृष्टीला कमीत कमी इजा होईल. कारण मोठी वीजकेंद्रं पाण्याबरोबर मासे, अंडी, पिल्लं सगळं ओढतात. त्यांच्या वहीत याची दोन वेगळी खाती आहेत : जाळीवर चिकटलेले आणि जाळीतून आत गेलेले. २०१४ साली तिथल्या सरकारने त्याचे सविस्तर नियम केले. चिकटून मरणाऱ्यांसाठी त्यात जे मान्य उपाय दिले आहेत, त्यांतला एक असा, की जाळीतून पाणी सेकंदाला अर्ध्या फुटापेक्षा जास्त वेगाने जाता कामा नये. अर्धा फूट म्हणजे पंधरा सेंटिमीटर. आता वर माझ्या टोपणाचा वेग किती निघाला तो पुन्हा पाहा. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, सत्यनारायणाच्या फोटोखाली जे यंत्र चालू होतं, त्याची ओढ अमेरिकेतल्या वीजकेंद्राला घालून दिलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होती! आणि वीजकेंद्र निदान वीज तरी तयार करतं.

हे सगळं मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डबे उघडे होते, त्यामुळे कोणाला उठून जाता येईना. पण विरोध फार झाला.

एकाचं म्हणणं असं, की निरोगी मासा फिल्टरला अडकतच नाही. अडकला म्हणजे तो आधीच आजारी होता. दुकानदारांचंही हे आवडतं वाक्य आहे. मोठ्या माशाच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्य आहे, हे मी मान्य करतो. धडधाकट मोठा गप्पी त्या नळीला भीक घालत नाही. नळीला चिकटलेला मोठा मासा दिसला, की बहुतेक वेळा तो आधी गळलेला असतो आणि मग चिकटलेला असतो. पण पिल्लू आजारी नसतं हो, ते लहान असतं. लहान असणं हा आजार आहे असं ठरवलं, तर बालवाडीच्या जिन्याला कठडा कशाला बसवायचा? आणि समजा मासा आजारी आहे, तर आजारी माशाला पंख्यात घालायचं, हा कुठला औषधोपचार?

दुसरा म्हणाला, “अरे, गप्पीला पिल्लांचा काय तोटा? महिन्याला बाळंतपण. एका नराशी गाठ पडली की पुढे कित्येक महिने नर नसला तरी पिल्लं होत राहतात.” हेही खरं आहे. (यावर कन्येने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी तिच्या आईकडे वर्ग केली.) पण पुष्कळ आहेत म्हणून गेले तर बिघडलं काय, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. रोज लोकलमधून उतरताना ते मी रेल्वेच्या चेहऱ्यावर वाचतो.

तिसरे आमचे हेडकॅशियर. ते माशांच्या बाबतीत अधिकारी गृहस्थ आहेत, कारण रविवारी बाजारात त्यांना फसवू शकेल अशी कोळीण अजून जन्माला यायची आहे. ते म्हणाले, “काल बोंबील खाल्लेस ना? मग जिऱ्याएवढ्या पिल्लासाठी कसले गळे काढतोस?” सगळे हसले. मीही हसलो, कारण बोंबील खरंच खाल्ले होते आणि चांगले झाले होते. पण बोंबील मी घरी आणून, त्याला गोदाक्का असं नाव ठेवून, त्याच्यासाठी खजिन्याचा पेटारा मांडून, मग मिक्सरमध्ये टाकत नाही. गप्पीला काचेत मी ठेवलं आहे. नदीत असती तर ती पिल्लं गवतात लपली असती, मोठ्या माशाने खाल्ली असती, नशीब काय असेल ते झालं असतं. माझ्या टाकीत पळायला दोन फूट जागा आणि ती सगळी त्या नळीच्या टप्प्यात. ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. मी अकराशे रुपये देऊन केलेली आहे, त्याची पावतीही आहे.

आणि कायद्याचीच भाषा हवी असेल तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला १९६० सालचा कायदा उघडा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, अशी व्याख्या आहे. वजनाची अट नाही, लांबीची अट नाही. गप्पीचं पिल्लू त्यात सरळ बसतं. बँकेतला क्लार्क कशात बसतो, हे मी अजून शोधतो आहे.

तर उपाय. पहिल्या रात्री मी बायकोचा एक जुना नायलॉनचा पायमोजा कापून नळीवर चढवला आणि रबरबँड लावला. मोजा बायकोच्या मते जुना नव्हता. पण तीन पिल्लं उरली होती (पाचांतलं एक आमच्या डोळ्यांदेखत गेलं, एक त्याआधी कधीतरी, डब्यातली दोन मी परत टाकीत सोडली, म्हणजे झाली पाच) आणि सकाळी मोजली तर पाच! हिशेब जुळला. ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळल्याचा आनंद ज्याने घेतला आहे त्यालाच हे कळेल. मोजा मात्र दोन दिवसांत शेवाळाने आणि घाणीने भरला आणि धबधब्याची लघुशंका झाली. मग मी बारीक भोकांचा स्पंज आणला, कात्रीने कापला, मधे पेन्सिलीने भोक पाडलं आणि नळीवर बसवला. भांडी घासायचा घेऊ नका. त्यात कधी साबण, कधी औषधं मुरवलेली असतात. फिल्टरच्याच दुकानात सुट्टा मिळतो तो घ्यावा. खर्च वीस रुपये. अकराशे रुपयांच्या यंत्राबरोबर वीस रुपयांचा तुकडा खोक्यात घालायला काय हरकत होती, हे मी त्या दुकानदाराला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “साहेब, लोक मागत नाहीत.” माणसाला आपला फिल्टर पिल्लं खातो हे माहीतच नसेल, तर तो मागेल कसा? बहुतेक घरांत फरक दिसला की गोदाक्कावर ढकलतात आणि फाईल बंद करतात. तीही ना मराठी बोलते, ना वकील देते.

स्पंज म्हणजे कटकट नाहीच, असं मी म्हणणार नाही. तो तुंबतो. दर रविवारी काढून पिळावा लागतो. एकदा आम्ही गावी गेलो आणि मी तीन आठवडे विसरलो, तर मोटार कोरडी घरघरायला लागली. त्या घाईत मी आणखी एक शहाणपणा केला : बाहेरचा स्पंज आणि डब्यातला स्पंज, दोन्ही नळाखाली धरून लख्ख धुतले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ज्याने आपले जंतू मरावेत म्हणून महापालिका झटते, त्याच क्लोरीनने माझे सगळे जिवाणू, टेबलाटेबलावर बसलेला सगळा स्टाफ, एका दमात निवृत्त केला. दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं आणि दोन मोठे गप्पी गेले. ते दोन फिल्टरने खाल्ले नाहीत; ते माझ्या नावावर आहेत. तेव्हापासून टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज पिळायचा. दोन्ही स्पंज एकाच दिवशी कधीही नाही. ते काळं पाणी बायको तुळशीला घालते, आणि तुळस इतकी फोफावली आहे की शेजारच्या वहिनी बादली घेऊन येतात.

धीर चेपला तशी मी दहा लाल कोळंब्या आणल्या. चेरी कोळंबी म्हणतात तिला. मूळची तैवान-चीनकडची, माणसाने निवडून निवडून लाल केलेली. सासूबाई मालवणच्या. त्यांनी चष्मा लावून टाकीत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “वाढली की केवढी होतात हो ही?”

“एवढीच. इंचभर.”

“मग कशाला आणलीत?” असं म्हणून त्या आत गेल्या.

या कोळंबीची मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन महिनाभर हिंडते आणि पायांनी त्यांना सारखं वारं घालते. मग त्यांतून थेट आईसारखीच दिसणारी पिल्लं निघतात, फक्त दोन मिलिमीटर लांबीची आणि पारदर्शक. दोन मिलिमीटर! तीन मिलिमीटरच्या खाचेतून ही आडवीसुद्धा जातील. ज्या घरात अशी कोळंबी आहे आणि नळी उघडी आहे, तिथला मालक वर्षानुवर्षं म्हणत राहतो, की आमच्याकडे हिला पिल्लं होतच नाहीत, पाणी मानवत नाही. पाणी मानवतं. ती होतात आणि त्याच रात्री जातात, आणि इतकी बारीक असतात की फरकसुद्धा वहीत चढत नाही. मला सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा आहे. गप्पीची निदान सव्वीस मोजली होती.

आमच्याकडे ती टिकली. आता पंधरा दिवसांच्या कोळंब्या आमच्या त्या स्पंजावर बसलेल्या असतात. स्पंजावर जो बुळबुळीत थर धरतो, तो त्यांचं आवडतं खाणं. ज्या तोंडात त्या जायच्या, त्याच तोंडावर बसून दिवसभर इवल्या चिमट्यांनी वेचून वेचून खात असतात. कन्या शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी टाकीशी जाते आणि ओरडून आकडा सांगते. मी ऑफिसातून आल्यावर पुन्हा मोजतो. दोन्ही आकडे जुळत नाहीत, कारण कोळंब्या एका जागी बसत नाहीत. पण हा फरक वाढीचा आहे, त्यामुळे मी घरी उशिरापर्यंत थांबत नाही, घरीच असतो.

मागच्या महिन्यात स्पंज जुना होऊन फाटला, म्हणून त्याच दुकानात गेलो. काउंटरवर, अगदी दर्शनी भागात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत स्पंजाच्या नळकांड्या टांगल्या होत्या. मधे नीट भोक पाडलेलं. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी : ‘बेबी सेफ्टी स्पंज, ६० रु.’

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“लोक मागतात ना साहेब, आता,” दुकानदार म्हणाला. “परवाच तुमच्या बँकेतले एक साहेब दोन घेऊन गेले. ते मासळीतले जाणकार आहेत ना, तेच.”

मी पिशवी उलटसुलट करून पाहिली. कापणी माझ्याहून सुबक होती. “वीस रुपयांचा तुकडा साठला?” मी म्हणालो.

“तुमच्यासाठी पन्नास लावतो,” तो म्हणाला.

मी दोन घेतले.